बारक्याची सीट

मॉनिटर केकाटायच्या आधी तिला रंग दिसला. बारक्याच्या ओठांभोवती, नाकाच्या खाली, एक राखी-निळी छटा पसरत होती, आणि तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की हा रंग आपल्याकडे आहे. कारखान्यातल्या रेग्झिनच्या शेडकार्डात, शेवटाकडच्या पानावर, करड्याच्या आणि निळ्याच्या अधेमधे. ऑफिसच्या खुर्च्यांना फार खपतो, मळ दिसत नाही. एवढा विचार पुरा होईपर्यंत ती आपल्या पोटच्या पोराकडे गिऱ्हाइकासारखी बघत उभी होती. मग मॉनिटर ओरडला. सिस्टरचा हात तिच्या खांद्यावरून पुढे आला, "आई, बाजूला व्हा, बाजूला," आणि त्या हाताने सीटच्या पट्ट्यांचं लाल बटण दाबलं, बारक्याला उचललं, पलंगावर आडवं केलं, पाठीवरून बोटं खसाखसा घासली, तळपायाला टिचकी मारली, नाकाशी ऑक्सिजनची नळी धरली. बारक्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि कुरकुरला. रंग परत आला, आधी गालांना, मग ओठांना. मॉनिटर गप्प झाला. हे सगळं इतक्या झटपट झालं की तिच्या तोंडून साधं 'अगं बाई'सुद्धा निघालं नाही. ती जवळ होतं त्या स्टुलावर मटकन बसली, आणि बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं की स्टुलाचा फोम पार मेलेला आहे, खालची फळी लागते आहे. अशा वेळी असलं काही टिपून ठेवणाऱ्या आपल्या डोक्याची तिला भीती वाटली.

आज घरी जायचं होतं. पिशवी भरून दाराशी ठेवली होती, नवरा गाडी पार्किंगमधून वर आणायला गेला होता, सासूबाईंनी घरी खोली झाडून, पुसून, समाधान न झाल्यामुळे पुन्हा झाडून ठेवली होती. मधे राहिली होती ती एवढी एकच परीक्षा. दिवस भरायच्या आधी आलेल्या, वजनाने कमी भरलेल्या बाळांना घरी सोडण्याआधी या वॉर्डात त्यांच्या स्वतःच्या गाडीतल्या सीटमध्ये बसवून बघत. पट्टे लावून, अंगावर वायरी चिकटवून, घरी पोचायला जेवढा वेळ लागेल त्याहून जास्त वेळ. तेवढ्यात श्वास नीट राहिला, ठोके नीट राहिले, की मग खुशाल जा. "आडवं असलं की एवढंसं बाळ मजेत असतं," सिस्टरने सकाळी समजावलं होतं. "बसवलं की गंमत कळते. डोकं जड, मान नाजूक. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट चिमटते. आणि आवाजसुद्धा येत नाही हो, हेच तर वाईट." सिस्टर बोलकी होती. बारक्या हे नाव तिनेच पाडलं होतं, आणि आता घरातसुद्धा तेच तोंडात बसलं होतं. तिने सीट हातात घेऊन खालीवर न्याहाळली होती आणि म्हणाली होती, "किती गुबगुबीत आहे हो! नवीनच निघाली वाटतं ही?" बारक्याची आई त्यावर नुसती हसली होती. सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण दिवसभर बाळं आणि सीटा बघणाऱ्या या बाईला एक टाका सापडला नाही, कंपनीची सीट कुठे संपते आणि आपली गादी कुठे सुरू होते ते कळलं नाही, याचा आनंद तिच्या पोटात मावत नव्हता. तो तिने जपून ठेवला, मागून सांगू म्हणून.

आता सिस्टरने रिकामी सीट उचलली आणि मानेच्या जागी अंगठा दाबला. अंगठा आत गेला. बराच आत गेला.

"आई, ही गादी सीटबरोबरच आलेली ना?"

"नाही."

"मग?"

"मी केली. माझं कामच आहे ते. गाड्यांच्या सीटा."

सिस्टर रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती "अरे देवा" म्हणाली, तेही स्वतःशीच, आणि सीट पलंगाखाली सरकवून डॉक्टरांना फोन करायला वळली. तेवढ्यात, "गाडी दाराशी लावलीय, पण तो वॉचमन कटकट करतोय," असं म्हणत नवरा आत आला, आणि दोघींची तोंडं बघून जागीच थांबला. तो लिफ्ट दुरुस्त करायचं काम करी. लोक अडकलेत असा फोन आला की त्याचा चेहरा असाच व्हायचा, एकदम रिकामा आणि शांत, ते तिला माहीत होतं. त्याने काय झालं हे विचारलं नाही. आधी बारक्याकडे बघितलं, मग मॉनिटरवरच्या आकड्यांकडे, मग तिच्याकडे.

सीट त्याने निवडली होती. दुकानात तो झबलं घातलेली साखरेची पिशवी घेऊन गेला होता. बारक्याचं वजन जेवढं तेवढी साखर, वर झबलं, झबल्याचे बंदसुद्धा बांधलेले. दुकानातली माणसं बघायला लागली तशी ती लाजेने चूर झाली, पण त्याला त्याचं काही नव्हतं. तो प्रत्येक सीट उलटी करून मागची पट्टी वाचायचा आणि मग पिशवीला आत बसवून बघायचा. "अहो साहेब, सगळ्या बाळांना चालतात या," दुकानदार म्हणाला. "किती वजनापासून ते सांगा," नवरा म्हणाला. "कितीपर्यंत ते लिहिलंय की." "कितीपर्यंत ते सगळेच वाचतात हो, किती*पासून* ते कोणी वाचत नाही." बहुतेक सीटा बारक्यापेक्षा जड बाळांपासून सुरू होत होत्या. ज्या सुरू होत नव्हत्या त्यांचे खांद्याचे पट्टे सगळ्यात खालच्या भोकातून काढले तरी पिशवीच्या कानाशी येत. ते खांद्याच्या रेषेत किंवा थोडे खाली यायला हवेत, असं वॉर्डातून सांगितलं होतं. नणंद आपली जुनी सीट द्यायला बसली होती, मखमलीची, देखणी, पण त्यांच्या गाडीला एकदा मागून धडक बसली होती, आणि आत तडा गेला असला तर वरून दिसणार नाही म्हणून त्याने बहिणीची नाराजी पत्करून ती परत पाठवली. शेवटी एक सापडली. पाठीमागे तोंड करून बसवायची, लहानातल्या लहान बाळासाठी, पट्टे बरोब्बर खांद्याशी, पायांमधला पट्टाही पाठीच्या जवळ. दिसायला अगदी भिकार. पातळ करडं कापड, आणि खाली लगेच प्लॅस्टिक. घरी आणली तेव्हा सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हे काय रे, बादली आणलीत?" त्या म्हणाल्या. "एवढ्याशा जिवाला बादलीत घालून आणणार?" नवरा हसला. ती हसली नाही. तिने कापडावरून हात फिरवला होता आणि तिच्या तळव्याला खालची कड लागली होती.

हाताला लागलेलं तिला सोडता येत नसे. कारखान्यात ती शिलाईवर बसली तेव्हा मास्तरांनी, म्हणजे तिथल्या जुन्या कारागिरांनी, तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं: बसणाऱ्याला सीट जाणवली की आपण नापास. त्यानंतरची सगळी वर्षं ती माणसांना न जाणवणाऱ्या जागा करत आली. लांब पल्ल्याच्या ट्रकवाल्यांच्या पाठी, दाताच्या डॉक्टरांच्या खुर्च्या, मणक्याचं ऑपरेशन झालेल्या एका वकिलाची अख्खी गाडी. मानेमागची उशी ही तिची खासियत होती. गिऱ्हाईक खास तिचं नाव सांगून यायचं. माणूस टेकला की डोकं आणि पाठ सीटला लागतात, आणि मधे मानेची पोकळी उघडी राहते. ती पोकळी भरायची, ना कमी ना जास्त, मग माणूस डोळे मिटतो. बारक्या काचेच्या पेटीत होता तेव्हा त्या काचेबाहेर बसून तिचे हात वेडे झाले होते. बाकीच्या बाया विणत, पोथ्या वाचत, मोबाईलवर बोट फिरवत. तिला आपल्या पोरासाठी करण्यासारखं एकच काम दिलं होतं, यंत्र लावून दूध काढून बाटलीत भरायचं, आणि ते काम यंत्रच करत होतं. म्हणून ती घरी आली की सीट पुढ्यात घ्यायची. तिने पट्टे ओवून बाहेर काढले, कापड उतरवलं, कारखान्यातला सगळ्यात मऊ फोम मागून आणला, पाठीला थर दिला, कुशीला थर दिला, आणि मानेमागे आपली ती उशी, बोटभर, दुधावरच्या सायीसारखी. वर तेच करडं कापड पुन्हा ताणून अशा टाक्यांनी बसवलं की जन्मजात वाटावं. नवऱ्याने बघितलं, म्हणाला, "धुतलंस होय?" ती हो म्हणाली. त्याच्या बादलीची तिने गादी केली होती, आणि ती ज्याच्यासाठी केली त्यालाच फक्त ती कळायची होती. आता स्टुलावर बसून तिला जे दिसत होतं ते इतकं सोपं होतं की कोणी सांगायची गरजच नव्हती. बारक्याला मान नव्हतीच. एवढ्या लहान बाळाला मानेमागे पोकळी नसते. मागे असतं ते मोठं, बाहेर आलेलं डोकं. त्याला मागे जागा हवी होती, आणि तिने तिथे उशी भरून त्याचं डोकं आपल्या हाताने पुढे ढकललं होतं. मोठ्या माणसाला जिथे सुख लागतं तिथेच तिने बाळाचा गळा दुमडला होता. आणि टाका दिसत नव्हता.

डॉक्टर आल्या, बारक्याला तपासलं, सीट मागवून घेऊन तपासली. तरुण होत्या, केस वर बांधलेले, बोलणं तुटक पण कडू नव्हे. पट्टे काढून परत घातले होते का, एवढंच त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. "मग ही सीट आता नको. अपघातात फोम दबतो, पट्टे सैल पडतात, बाळ निसटतं. वर काही घालायचं नाही, खाली काही घालायचं नाही, कंपनीने दिलं तेवढंच. नवीन आणा, याच जातीची, ही निवड छान होती. काही दिवस बघू आणि परत बसवून पाहू." निवड छान होती हे ऐकून नवऱ्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, आणि ते तिला जास्त लागलं. जिना उतरताना तो म्हणाला, "मला वाटलं, तू नुसतं धुतलंस." थोड्या पायऱ्या गेल्यावर म्हणाला, "सांगायचंस ना." गाडी दाराशी तशीच उभी होती, मागचं दार उघडं, आत कोरं दुपटं पसरलेलं. वॉचमन तावातावाने काहीतरी बोलायला आला आणि त्यांच्या हातात नुसती रिकामी सीट बघून मागे फिरला. घरापर्यंत ती सीट मांडीवर घेऊन बसली. रस्त्यावर नेहमीचंच सगळं चाललं होतं, सिग्नलला माणसं शिव्या देत होती, एक बाई रस्ता ओलांडता ओलांडता सफरचंद खात होती. तिला सारखं वाटत होतं की हे सगळं थांबायला हवं होतं, आणि थांबत नाही म्हटल्यावर जे झालं ते झालंच नसेल कदाचित. मग तो रंग दिसायचा.

घरात तिला बसवेना. दुसऱ्या दिवशी वॉर्डात जातानाच तिने सीट बरोबर घेतली, आणि परत येताना सरळ कारखान्यात गेली. दुपारचं जेवण आटोपून मास्तर आपल्या जागी, कापायच्या टेबलाशी, चष्मा कपाळावर चढवून बसले होते. म्हातारा हाताने अजून धड होता, जिभेने तर फारच. कारखान्यात कोणाच्या कामाला त्यांनी बरं म्हटलं की लोक घाबरायचे, मास्तर आजारी आहेत की काय म्हणून. तिला बघून "बाळ कसं आहे" असं विचारण्याआधीच त्यांचे डोळे सीटकडे गेले. त्यांनी सीट टेबलावर घेतली. चष्मा खाली आला. अंगठा पाठीवरून, कुशीवरून, मानेवरून फिरला. शिवणीच्या वाटेने नख फिरलं आणि कुठेच अडलं नाही.

"कोणी केलं हे?"

"मी."

"खोटं सांगू नकोस."

"मीच केलं, मास्तर."

ते पुन्हा दाबून बघायला लागले. मग म्हणाले, "पोरी, आता माझ्याकडे तुला शिकवण्यासारखं काही राहिलं नाही गं." हे वाक्य ऐकण्यासाठी तिने या टेबलाशी किती वर्षं काढली होती. मनातल्या मनात कितीदा ऐकून ठेवलं होतं, आणि त्यावर आपण काय म्हणायचं तेही ठरवून ठेवलं होतं. आता ते समोर आलं, खरोखर, मास्तरांच्या तोंडून, आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"ह्याच्यात गुदमरला तो," ती म्हणाली. "निळा पडला होता."

मास्तरांचा हात चटका बसल्यासारखा वर आला. मागे मशीन चालू होतं, कोणीतरी रेडिओचा आवाज बारीक केला. मग त्यांनी विचारलं, "मानेला किती दिलं होतंस?" तिने बोट दाखवलं. "बरोबर दिलंस," ते म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे, मीच शिकवलं तेवढं द्यायला." "तुम्ही ड्रायव्हरला द्यायला शिकवलं होतंत," ती म्हणाली. "बारक्याला कोण शिकवणार होतं मला?" मास्तर उठले, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्यायले, परत येऊन आपलं उसवायचं हत्यार तिच्यापुढे ठेवलं आणि दुसऱ्या टेबलाशी निघून गेले. ती उसवत बसली. टाका न् टाका. आपलंच शिवण उसवणं किती अवघड असतं ते तिला त्या दिवशी कळलं. चांगलं शिवलेलं उसवत नाही, धागा कापडात मुरलेला असतो. पण उसवता उसवता तिला हलकं वाटायला लागलं. खरं तर लाज वाटावी इतकं हलकं वाटायला लागलं.

त्याचं कारण तिला ठाऊक होतं, आणि ती ते कोणाला सांगणार नव्हती. बारक्या लवकर आला तेव्हा तिने डॉक्टरांना विचारलं होतं, का आला? डॉक्टर म्हणाल्या होत्या, कधीकधी होतं असं. त्या 'कधीकधी'ने तिचं जगणं हराम केलं होतं. तिने पाठ झाल्यासारखे सगळे दिवस मागे जाऊन शोधले. रेग्झिनचा गठ्ठा उचलला होता ते. मशीनचं पायडल, त्याची थरथर पोटापर्यंत येते ते. सरसाचा वास. सासूबाईंशी पडद्यावरून झालेलं भांडण. एकेक घेऊन ती डॉक्टरांपुढे गेली आणि डॉक्टरांनी मान हलवून एकेक परत केलं, हे नाही, हेही नाही, तुम्ही काही केलं नाही. लोकांना वाटे यामुळे तिला धीर येत असेल. तिला वाटे की आपण एका बंद दारावर टकटक करतो आहोत आणि आतून कोणीतरी गोड आवाजात सांगतंय की आत कोणी नाही. आणि आता, पहिल्यांदाच, तिच्याकडे कारण होतं. हातात धरता येणारं, टाके असलेलं, उसवता येणारं. चूक कुठे झाली ते माहीत होतं, कोणी केली ते माहीत होतं, आणि परत होऊ नये म्हणून काय करायचं तेही. त्या दिवसांत तिने ती चूक सगळ्यांना सांगितली. नणंदेला फोन करून सांगितली, जिन्यात भेटलेल्या शेजारणीला सांगितली, वॉर्डातल्या नव्या बाईला तर न विचारता सांगितली. सासूबाई शेवटी वैतागल्या. "अगं, मुद्दाम केलंस का तू?" त्या म्हणाल्या. "बादली म्हणणारी मी होते. मला आधी बोल." ती म्हणाली, नाही, माझंच चुकलं. तिला ते कोणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं. ती नीट जेवायला लागली, नीट झोपायला लागली. नवऱ्याने सीलबंद खोकं आणलं, तेव्हा ते तिने स्वतः फोडलं आणि आतल्या पातळ कापडाला, त्याच्याखालच्या कडांना, हात लावून म्हणाली, "छान आहे." तिला मनापासून तसं वाटलं.

मग तो दिवस आला. सकाळची वेळ, खिडकीतून ऊन, तीच सिस्टर. सिस्टर म्हणाली की पट्टे आईनेच लावायचे, घरी मी येणार नाही. तिने लावले. बारक्याला पातळ कपड्यांत घेतलं, जाड काही नाही. कंबर सीटच्या पार मागे टेकवली, पाठ सरळ केली. पट्टे खांद्यांशी आले. कुलूप लावलं, छातीवरची क्लिप काखांच्या रेषेत आणली, आणि पट्टा ओढला. तिचा हात अडखळला. एवढ्याशा छातीवर एवढा कडक पट्टा. "ओढा," सिस्टर म्हणाली, "चिमटीत घडी सापडता कामा नये. त्याला पट्टा जाणवला पाहिजे." तिने ओढला. खांद्याजवळ चिमटी घेऊन बघितली, घडी आली नाही. मग सिस्टरच्या सांगण्यावरून दुपट्याच्या दोन लहान गुंडाळ्या केल्या आणि डोकं कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी ठेवल्या, मागे काही नाही. पांघरूण पट्ट्यांच्या वरून. सीट मागे झुकलेली होती, ती जेवढी हवी तेवढीच आहे हे नवऱ्याने तिच्यावरच्या खुणेशी डोळा नेऊन दोनदा बघितलं. बारक्याची हनुवटी वर होती. हनुवटी आणि छाती यांच्यामधे जागा होती, ती तिला लख्ख दिसत होती. "शंभरपैकी शंभर," सिस्टर म्हणाली. "तुम्हालाच नोकरीवर ठेवून घेऊ का?" "सीट शिवून देईन, पण मऊ लागेल," ती म्हणाली, आणि नवरा हसला, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. वायरी चिकटवल्या. ती जवळ बसली. तिला काडीचीही शंका नव्हती. आकडे शांत होते, बारक्या झोपला होता, आणि ती मनातल्या मनात घरी पोचली होती, दार उघडून सासूबाईंना म्हणाली होती, घ्या तुमची बादली. नवरा गाडी आणू का म्हणून विचारत होता. ती म्हणाली, "थांब, एवढं संपू दे," आणि बोलत असताना तिने मॉनिटरकडे बघितलं, कारण त्यावरचा आकडा हलला होता. तो खाली आला. परत वर जाईल म्हणून ती थांबली. तो आणखी खाली आला. हनुवटी वर होती. मधली जागा होती तशीच होती. आणि बारक्या श्वास घेत नव्हता.

मॉनिटर केकाटला. तेच सगळं पुन्हा झालं, लाल बटण, उचलणं, पाठ, तळपाय, नळी. बारक्या कुरकुरला, रंग परत आला. या वेळी ती खाली बसली नाही. पलंगाच्या कडेला धरून उभी राहिली, आणि तिची नजर रिकाम्या सीटवरून फिरत होती, काय चुकलं ते शोधत. पट्टा, क्लिप, गुंडाळी, कंबर. काहीच चुकलं नव्हतं.

"सीटचा दोष नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बसवलंयही अगदी बरोबर. त्याचं श्वासावरचं नियंत्रण अजून पिकलेलं नाही, एवढंच. बसलं की मधेच विसरतो. होईल, वाढला की होईल. आणखी काही दिवस ठेवू. नाहीतर गाडीत आडवं निजवून न्यायचं एक वेगळं अंथरूण मिळतं, त्यालाही पट्टे असतात; त्यात बघू कसा राहतो."

"पण त्या दिवशी गादीमुळे झालं होतं," ती म्हणाली.

"त्या दिवशीही बहुतेक हेच झालं असेल. गादी चांगली नव्हतीच, पण गादी नसती तरी झालं असतं. उलट इथेच कळलं ते बरं झालं. तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत."

"नाही," ती म्हणाली. "माझ्यामुळे झालं होतं. मी मानेमागे उशी घातली होती. मी अख्खी सीट उसवली, डॉक्टर." तिचा आवाज चढला होता, पलीकडच्या पलंगाजवळची बाई वळून बघत होती. "अगं, डॉक्टर तेच सांगतायत ना," नवरा म्हणाला, त्याचे डोळे भरले होते, "तुझा दोष नाही. सुटलीस तू." तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. सुटलीस. तिच्या हातातली एकुलती एक वस्तू हिसकावून घेऊन हा माणूस तिला सुटलीस म्हणत होता. "मग का होतं हे?" तिने डॉक्टरांना विचारलं. "लवकर आलाय म्हणून." "आणि लवकर का आला?" डॉक्टर वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या, आणि त्यांच्याकडे तो एकच शब्द होता, 'कधीकधी'. तो त्यांनी पुन्हा उच्चारला नाही, तरी तिला तो ऐकू आला. तिला वाटलं होतं त्याहून ही भीती फार मोठी होती. दोषी होती तोवर ती बारक्याची राखण करू शकत होती. आता ती नुसती त्याची आई होती.

सगळे पांगले. डॉक्टर दुसऱ्या पेटीकडे गेल्या, नवरा त्या आडव्या अंथरुणाचं विचारायला खाली गेला. सिस्टरने बारक्याला पाठीवर नीट निजवलं आणि तिला म्हणाली, "बसा त्याच्याजवळ. हात ठेवा." तिने तळहात त्याच्या छातीवर ठेवला. छाती तळहाताहून लहान होती. खाली श्वास चालला होता, भराभर, धांदरट, आणि मग तो थांबला. तिने मॉनिटरकडे बघितलं, तो अजून गप्प होता. तिची दुसऱ्या हाताची बोटं आपोआप त्याच्या तळपायाकडे गेली.

"थांबा, आई," सिस्टर म्हणाली. ती मॉनिटरकडे बघत नव्हती, बारक्याकडे बघत होती. "एवढं थांबतात ही बाळं. लागलं तर मी आहे."

"काय करू मी?"

"काही नका करू."

तिने बोटं मागे घेतली. तळव्याखाली काहीही हलत नव्हतं. तिने स्वतःचाही श्वास धरला होता. शोधायला चूक नव्हती, उसवायला टाका नव्हता, आणि हे असंच असणार होतं, घरी, गाडीत, पुढे शाळेच्या रस्त्यावरसुद्धा. मग तिच्या तळव्याला खालून एक धक्का बसला, अगदी बारीक, आणि बारक्याची छाती वर आली. तिने ती उचलली नव्हती. सिस्टरनेही नाही. तिला तेव्हा रडू फुटलं, तोंडावर हात धरूनही आवरेना, आणि सिस्टर तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिली, "घेतला ना त्याने? घेतला ना?" ती मान हलवत होती आणि पुढचा कधी येतो याची वाट बघत होती.